डाव्या कोपऱ्यातले चार डाग

फोटोत एखादा माणूस नंतर चिकटवलेला आहे हे ओळखू येतं ते चेहऱ्यामुळे नाही, कडेमुळे. हे मला बारामतीत आल्यावर कळलं. पुण्यात चित्रकलेची पदविका घेताना दोन वर्षं माझ्याकडून मडकी, सुरया आणि चुरगळलेल्या चादरी काढून घेतल्या, पण कडेबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी मूळचा लोणी भापकरचा. घरच्यांची समजूत अशी होती की पोरगं चित्रकलेचा मास्तर होऊन एखाद्या हायस्कुलात चिकटेल. हायस्कुलांची समजूत वेगळी होती. वर्षभर मी गावात दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या आणि मग बारामतीतल्या एका फोटो स्टुडिओत लागलो, कारण तिथल्या मालकांनी कॉम्प्युटर घेतला होता आणि तो कुणालाच चालवता येत नव्हता. मलाही येत नव्हता. पण मला चित्र काढता येतं, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला त्याच्यापुढे बसवलं.

मालकांना सगळे तात्या म्हणत. त्यांचं आयुष्य डार्करूममध्ये गेलेलं. निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण घालवणं ही त्यांची खासियत होती. कॉम्प्युटरची खोली त्यांनी देवघरासारखी ठेवली होती. चपला बाहेर, खिडकी बंद, यंत्रावर फुलाफुलांचं आच्छादन. त्यांना स्वतःला माउस हातात धरायचा धीर झाला नाही, पण माझ्या मागे स्टुलावर बसून ते तासन्‌तास पडद्याकडे बघत आणि बोट दाखवत.

“कड मार, चित्रकार. कड दिसतीया.”

माउसनं रंगवणं म्हणजे पायाच्या अंगठ्यानं रांगोळी काढण्यासारखं होतं. तरी सहा महिन्यांत हात बसला. कामं यायची ती सगळी ‘मिक्सिंग’ची. नवराबायकोला बर्फाच्या डोंगरापुढे उभं करायचं. वेगवेगळ्या दिवशी फोटो काढलेल्या भावाभावांना एका फोटोत आणायचं. कळंबच्या एका बागायतदाराला नव्या ट्रॅक्टरशेजारी उभं रहायचं होतं, पण ट्रॅक्टर आला तेव्हा तो दवाखान्यात होता. त्याला मी ट्रॅक्टरशेजारी लावला. चेहरा सुरेख, कपडे सुरेख, पण पायाखाली सावली द्यायची राहिली. दोन दिवसांनी तो फोटो परत घेऊन आला. घरातल्या म्हाताऱ्या बाईनं तो देव्हाऱ्याच्या खोलीत लावू दिला नव्हता. सावली नसलेला माणूस घरात कशाला, असं तिचं म्हणणं होतं. माझ्या कामाची इतकी नेमकी समीक्षा पुण्यात कुणी केली नव्हती.

असंच एकदा बावड्याच्या एका गृहस्थांना मी उसाच्या फडापुढे उभं केलं. फड माझ्याच संग्रहातला होता. स्टुडिओत चार गिऱ्हाइकं बसली होती. त्यातला एक जण तंबाखू मळत म्हणाला, “उसाला तुरा आलाय, म्हंजी थंडीचं दिस. आन ह्यो घामानं भिजलाय कसा?” मी निमूटपणे फड बदलला.

तर अशा रीतीनं मी शिकत गेलो. मातीचा रंग थोडा पायावर चढतो. पांढऱ्या सदऱ्याला शेजारच्या हिरव्याची झाक लागते. कड कापल्यासारखी ठेवायची नाही आणि पुसल्यासारखीही करायची नाही. जिथे उजेड आहे तिथे ती आपोआप विरघळते आणि सावलीच्या बाजूला हरवून जाते. मागचं चित्र जितकं धूसर, तितकाच माणूस धूसर हवा. जुन्या फोटोचे दाणे, म्हणजे फिल्मचे बारीक रवाळ ठिपके, नव्या माणसावरही पसरावे लागतात, नाहीतर तो एकटाच धुतल्यासारखा दिसतो. हे सगळं जमल्यावर मला त्याची घमेंड चढली हेही सांगून टाकतो. मी कुणालाही कुठेही बसवू शकतो, असं मी मित्रांना सांगत फिरायचो.

अशात एके दिवशी दुपारी कालवा निरीक्षक आले.

कालवा निरीक्षक म्हणजे पाटाचं पाणी कुणाला कधी सोडायचं ते बघणारा सरकारी माणूस. आमच्या भागात या माणसाला रामराम घातल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. हे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, सडसडीत, खिशाला दोन पेनं. गाव इंदापूरच्या बाजूचं, नोकरी बारामतीत. छप्पन साली ज्या घरांनी बौद्ध धम्म स्वीकारला त्यातलं त्यांचं घर. तात्यांशी जुनी ओळख होती, कारण त्यांच्या दोन्ही मुलींचे पदवीच्या झग्यातले फोटो आमच्याच स्टुडिओत काढलेले.

त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुठ्ठा काढला. पुठ्ठ्यावर शाळेतला ग्रुप फोटो चिकटवलेला होता. गावच्या शाळेची सातवीची तुकडी, चाळीसेक वर्षांपूर्वीची. खुर्च्यांवर गुरुजी, खाली मांडी घालून बारकी पोरं, मागे उभ्या दोन रांगा, सगळ्यांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. मागे पडदा म्हणून शाळेची पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी टांगलेली. खाली नावांची पट्टी असावी, ती कसरीनं केव्हाच खाल्ली होती.

“शाळंचा नवा हॉल झालाय,” ते म्हणाले. “जुन्या पोरांचा मेळावा हाय. ह्यो फोटो मोठा करून हॉलमधी लावायचाय. मी बारामतीत असतो म्हणून माझ्याकडं दिला.”

“करू की,” मी म्हणालो.

“आन ह्यात मला घालायचं.”

मी फोटोवरून नजर फिरवली. “तुम्ही नाही यात?”

“न्हाय.”

“त्या दिवशी शाळेत आला नव्हता का?”

“आलो व्हतो,” ते म्हणाले आणि खिशातून पाकीट काढून त्यातला एक पासपोर्ट फोटो त्यांनी काचेच्या काउंटरवर ठेवला.

मला पुढे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण माझं लक्ष त्या पासपोर्ट फोटोकडे गेलं होतं. तो एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाचा होता, ओठावर कोवळी मिशी. त्याच्या आधीचा फोटोच नव्हता. म्हणजे मला आधी हा माणूस सहा-सात वर्षांनी लहान करायचा होता आणि मग रांगेत बसवायचा होता. असं काम मी कधी केलं नव्हतं. मला आनंद झाला. तो अगदी कारागिराचा आनंद होता, त्यात त्या माणसाला जागा नव्हती.

“कुठं उभं करू?” मी विचारलं.

त्यांनी उभ्यांच्या पुढच्या रांगेत उजवीकडून तिसऱ्या पोरापाशी बोट टेकवलं. ते त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. “ह्याच्या आन ह्याच्या मधी. हे दोघं माझ्या बाकाच्या फुडं बसायचे.”

“छान जागा आहे,” मी म्हणालो. “उजव्या बाजूच्या मुलाची सावली तुमच्या खांद्यावर पडेल. शेजाऱ्याची सावली अंगावर पडली की माणूस तिथलाच होऊन जातो.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “पाडा.”

मी काय बोललो होतो ते मला कळायला पुढचे पंधरा दिवस लागले.

फोटो आमच्या स्कॅनरपेक्षा मोठा होता, म्हणून दोन भागांत घेतला आणि मधोमध जोडला. मग साफसफाई. चाळीस वर्षं शाळेच्या ऑफिसात टांगलेला फोटो. ओल, बुरशी, माशांची शिट, सगळं त्यावर होतं. साफसफाईची रीत सोपी असते. डागाशेजारचा चांगला तुकडा उचलायचा आणि डागावर ठेवायचा. असे तीन-चारशे डाग मी दोन दिवसांत काढले. डाव्या कोपऱ्यात सतरंजीचं टोक एका उभ्या बांबूला बांधलेलं होतं, त्या बांबूवर एकाखाली एक असे चार फिकट डाग होते. तेही काढले. बांबू कसा स्वच्छ, सरळ दिसायला लागला.

मग मी त्या तरुणाची मिशी घालवली. गाल भरले, हनुवटी मऊ केली, कान तेवढेच ठेवले. कपाळ थोडं मोठं केलं, कारण लहानपणी ते मोठं दिसतं. टोपी शेजारच्या पोराची घेतली आणि ती जशीच्या तशी दिसू नये म्हणून आरशातल्यासारखी उलटी केली. तात्या मागून म्हणाले, “टोपीवर उजेड डावीकडनं, नाकावर उजवीकडनं. दोन सूर्य हायती का तुझ्याकडं?” मी टोपीवरचा उजेड पुसून पुन्हा रंगवला. सदरा पूर्णपणे मी रंगवला. गळ्याचं बटण तुटकं ठेवलं, कारण रांगेतल्या सहा जणांची बटणं तुटकी होती. शेजारच्या दोघांना केसभर बाजूला सरकवलं, त्यांच्यामागे याचा अर्धा खांदा घातला, सावली पाडली, दाणे पसरले.

अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी तात्यांनी भिंग लावून पडदा पाहिला आणि नव्यानं घातलेलं पोरगं कोणतं ते त्यांना सांगता आलं नाही. त्यांनी दुसऱ्याच एकावर बोट ठेवलं. इतका खूष मी त्याआधी कधी झालो नव्हतो. तात्यांनी त्या दिवशी समोरच्या हॉटेलातून भजी मागवली.

निरीक्षकांना निरोप धाडला. ते कालव्यावरून तसेच आले, चपलांना चिखल. चपला बाहेर काढल्या, पाय धुतले आणि माझ्याशेजारी खुर्चीवर बसले. मी आच्छादन काढावं तसं नाटक करून फोटो पडद्यावर आणला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. आता ते स्वतःला शोधतील, दोन-तीनदा चुकतील, मग सापडतील, अशी माझी कल्पना.

त्यांनी रांगेकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर सरळ डाव्या कोपऱ्यात गेली.

“हितली बोटं कुठं गेली?”

“कसली बोटं?”

“बांबूवरची. चार बोटं व्हती.”

“ते डाग होते, साहेब. बुरशीचे.”

“डाग न्हवते,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “ती माझी बोटं हायत.”

मी वर्तमानपत्र सोडून मूळ फोटो काढला. तात्यांनी भिंग दिलं. बांबूवर चार बोटं होती. मागून धरलेल्या हाताची, एकाखाली एक, करंगळी बाकीच्यांपासून जराशी सुटलेली. भिंगातून नखंसुद्धा दिसत होती. मला लाज वाटली. चारशे डाग पुसताना मी एकदाही भिंग उचललं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. फार लांबण न लावता, पाण्याच्या पाळीचं वेळापत्रक सांगावं तसं.

“फोटोवाला इंदापूरहून आला व्हता. गुरुजींनी समद्यांना अंगणात बलावलं. सतरंजीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. दुसऱ्या टोकाला बांबू. पण खाली शहाबादी फरशी, बांबू रवायचा कुठं? गुरुजी म्हणले, तू धर रं. मी मागं गेलो आन धरला. मला वाटलं, पोरं लावून हुस्तवर धरायचा. मग दुसरं कुणीतरी धरंल आन मी जाईन. माझी आई सकाळी टोपी धुऊन, वाळवून, हातानं दाबून द्यायला बसली व्हती. टोपी डोक्यावर व्हती माझ्या. मागं सतरंजीच्या सुताचा वास येत व्हता. फुडनं फोटोवाला म्हणला, झालं. मी म्हणलं, काय झालं? सतरंजी सोडून फुडं आलो तवर पोरं पांगली व्हती.”

“गुरुजी विसरले असतील,” मी म्हणालो. अशा वेळी काहीतरी बोलायचं म्हणून माणूस जे बोलतो, त्यातलं ते होतं.

“असतील. समदे एकाच टायमाला एकालाच इसरत्यात.” ते किंचित हसले. “तू येऊ नको असं कुणी म्हणलं न्हाय. तसं म्हणायची येळच येत नसती. वर्गातबी कोण म्हणायचं, तू दाराजवळ बस? मी आपला दाराजवळ बसायचो. आमी बौद्ध झालो त्याला दोन-तीन वरसं झाली व्हती. घरात समदं बदललं व्हतं. शाळंच्या अंगणात बदलायला येळ लागला.”



“शाळंच्या ऑफिसात ह्यो फोटो टांगलेला असायचा,” ते पुढे म्हणाले. “दाखला काढाय गेलो, पोरींची नावं घालाय गेलो, इलेक्शनच्या ड्युटीला गेलो, की कोपऱ्यात बघायचो. बोटं हायत का. असायची. कुणाला ठाव न्हवतं. मी घरीबी कुणाला बोललो न्हाय.”

मी म्हणालो, “परत घालतो. मूळ फोटो आहेच. पाच मिनिटांचं काम.” आणि खरोखर पाच मिनिटांत मी कोपरा पुन्हा स्कॅन केला आणि चारही बोटं जागच्या जागी बसवली. पडद्यावर आता उभ्यांच्या पुढच्या रांगेत उजवीकडून तिसरे ते होते आणि डाव्या कोपऱ्यात त्यांची बोटं होती. मला वाटलं, चूक निस्तरली.

तात्या पुढे वाकले. त्यांनी आधी रांगेकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे. आणि अगदी सरळ मनानं, कारागीर कारागिराला विचारतो तसं, त्यांनी मला विचारलं, “साहेब हितं उभं हायत, तर मग बांबू कोण धरतंय?”

 बोटं ठेवली तर रांगेतला पोरगा खोटा ठरत होता. पोरगा ठेवला तर बोटं दुसऱ्याच कुणाची तरी होत होती, कुण्या शिपायाची, कुण्या नोकराची. एका फोटोत एक माणूस दोनदा घालायची सोय माझ्या यंत्रात होती, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

“दोनातलं एकच ऱ्हाईल,” निरीक्षक म्हणाले. “मला चार दिस द्या. सध्या पाण्याची पाळी चालू हाय.” ते चपला घालून गेले. त्यांचा चहा तसाच राहिला.

ते चार दिवस मी काय केलं ते सांगायला मला फारसं आवडत नाही. मी मनातून त्यांची बाजू घेतली नाही, माझ्या कामाची घेतली. तो पोरगा ही माझ्या हातून झालेली सर्वात चांगली गोष्ट होती. तो उडवला जाऊ नये म्हणून मी पुराव्यानिशी तयारी केली. एका कागदावर फक्त बोटं असलेला फोटो छापला, एका कागदावर फक्त रांगेतला पोरगा असलेला, आणि रांगेचा मुद्दाम चांगल्या चकचकीत कागदावर छापला.

ते आले. दोन्ही कागद त्यांनी मांडीवर घेतले. मी वकिली सुरू केली.

“साहेब, माझं ऐका. रांगेतच छान दिसताय. ती जागा तुमचीच होती. न्यायानं बघितलं तरी तुमचीच. आणि इतकं बेमालूम बसलंय की कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“तेच की,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“कुणाला कळणार न्हाय, तेच की.” त्यांनी रांगेचा कागद माझ्यापुढे धरला. “उद्या ह्यो हॉलमधी लागंल. पोरं बघतील, मास्तर बघतील. म्हणतील, आपली शाळा पहिल्यापासनं किती चांगली. समदे एका रांगंत. गुरुजीबी चांगले, गावबी चांगलं. तुमी लई चांगलं काम केलंय, पावणं. पण माझ्यासाठी केलंय आन फायदा त्यांचा हुतोय.”



“आन ह्यो पोरगा,” ते रांगेतल्या स्वतःकडे बघत म्हणाले, “गोड हाय. पण ह्याला कुणी बलावलं न्हवतं. ह्यानं तसं उभं ऱ्हाऊ ने. काढा ह्याला.”

काढायला काहीच लागलं नाही. मी त्याला वेगळ्या थरावर, म्हणजे फोटोवर काच ठेवून तिच्यावर रंगवावं तसं, रंगवलं होतं, सरकवलेले शेजारीही त्याच थरावर होते. तो थर एक बटण दाबून बंद होतो. मी बटण दाबलं. अकरा दिवसांचा पोरगा गेला, दोन्ही शेजारी केसभर जवळ आले, रांग जशी होती तशी झाली. खळगा नाही, खूण नाही, काही नाही. तेव्हाच पहिल्यांदा मला या माणसाचं म्हणणं कळलं. मी मान खाली घातली.

“मला वाटलं व्हतं, वाईट वाटंल,” ते म्हणाले. “तेवढं न्हाय वाटलं.” मग म्हणाले, “वाटलं थोडं.”

“बोटांचं काय करू?” मी विचारलं.

“हायत तशी ऱ्हाऊ द्या. फक्त दिसली पायजेत. मोठी करू नका, खोटं काय घालू नका. पण बघणाऱ्याची नजर तितं गेली पायजे.”

हे काम मला कुणी शिकवलं नव्हतं. मी वर्षभर कडा बुजवत होतो. आता कड वर आणायची होती. तात्या आणि मी दोघांनी मिळून ते केलं. बोटांना हात लावला नाही. बोटांमागचा बांबू थोडा गडद केला, बांबूमागची भिंत थोडी दाबली, शेजारच्या पट्ट्यांचा पांढरा रंग किंचित मळवला. त्यामुळे कोपऱ्यात उजेड असलेली अशी ती एकच जागा राहिली. तात्या म्हणाले, “आता कड सोड.” त्यांच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकलं.

फोटो मोठा झाला, काचेच्या चौकटीत बसला. मेळाव्याच्या आदल्या दिवशी तात्यांनी मला तो घेऊन जीपनं निरीक्षकांच्या गावी धाडलं, काच फुटू नये म्हणून. मी मांडीवर आडवा धरून नेला. दुसऱ्या दिवशी नव्या हॉलमध्ये तो समोरच्या भिंतीवर लागला. हार, तुरे, श्रीफळ, लाउडस्पीकरची शिट्टी, सगळं रीतसर झालं. भाषणांत शाळेच्या उज्ज्वल परंपरेचा उल्लेख मी मोजला नाही, पण बराच झाला. निरीक्षक तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर बसून होते. त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

भाषणं संपल्यावर सगळी जुनी पोरं फोटोपाशी गोळा झाली. पोरं म्हणजे पन्नाशीची माणसं. पोटं सुटलेली, चष्मे लागलेले. जो तो आपल्याला शोधत होता. सापडला की दुसऱ्याच्या पाठीत गुद्दा घालत होता. “ह्यो बघ मी! केवढं कान हायत रं माझं!” असं चाललेलं. निरीक्षक मागे उभे होते. गर्दीत एक जण होता, ऊसवाला, कडक इस्त्रीचा पांढरा पोशाख, हातात काठी. फोटोत तो मागच्या रांगेत सगळ्यात डावीकडे उभा होता, बांबूपासून हातभर अंतरावर. त्यानं स्वतःला ओळखलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग मागे वळून त्यानं निरीक्षकांना पुढे ओढलं.

“आरं, तू कुठं हायस ह्यात? तू व्हतास की आमच्या वर्गात.”

निरीक्षकांनी हात वर केला आणि काचेवर डाव्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

ऊसवाला पुढे वाकला. काठी भिंतीला टेकवून त्यानं दोन्ही हातांनी चष्मा धरला.  बाकीचे हसत होते, एकमेकांना हाका मारत होते. मी दोन पावलांवर उभा होतो म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर ते कुणाला ऐकू गेलं नसतं.

“म्हंजी आमी उभं व्हतो तवा माझ्या मागं तू व्हतास व्हय?”

“व्हय.”

तो सरळ झाला. काठी पुन्हा हातात घेतली.  मग म्हणाला, “लई वारं सुटलं व्हतं रं त्या दिशी. मला याद हाय. टोप्या उडत व्हत्या पोरांच्या. पण सतरंजी जागची हालली न्हाय.”

“हालली न्हाय,” निरीक्षक म्हणाले. “मी हालू दिली न्हाय.”